गळ्यावरची गाठ आणि रोजची गोळी

फौजेत एक जुनी सवय आहे. अंगावर दुखणं आलं की पहिला प्रश्न 'काय झालंय?' हा नसतो. पहिला प्रश्न असतो, 'कॅटेगरी जाईल का?' गुडघा असो, पाठ असो, ब्लड प्रेशर असो, हिशोब आधी शेप-वनचा. त्यात प्रमोशन, कोर्स, परदेशातलं मिशन असं सगळं अडकलेलं असतं, त्यामुळे कुणाला दोष देता येत नाही. पण या सवयीमुळे काही दुखणी वर्षानुवर्षं कॉलरच्या आत लपून राहतात. थायरॉइड हे त्यांतलं एक. त्यावर आपल्यात बोलणंही होत नाही, कारण बहुतेक पुरुषांच्या मते ते 'बायकांचं दुखणं' आहे.

मी डॉक्टर नाही. वीस-बावीस वर्षांच्या नोकरीत जवान आणि त्यांची कुटुंबं जवळून पाहिली, आणि आमच्या आरएमओ साहेबांना प्रश्न विचारून पुरतं हैराण केलं, एवढंच माझं भांडवल. त्या बळावर माझं मत आधीच सांगून टाकतो. थायरॉइडच्या बाबतीत आपण ऑपरेशनला नको तितके घाबरतो आणि रोजच्या गोळीला हवी तितकी किंमत देत नाही. ऑपरेशन हा एका सकाळचा मामला. खरी लढाई त्याच्या आधी मिठात आणि नंतर गोळीत असते, आणि आपली माणसं हरतात ती तिथेच.

सध्या माझं पोस्टिंग धौलाधारच्या पायथ्याशी, कांगडा खोऱ्यात आहे. या विषयावर लिहायला याहून योग्य जागा नाही. हिमालयाच्या पायथ्याचा हा पट्टा एकेकाळी गलगंडाचा पट्टा म्हणून ओळखला जायचा. इकडे हिंदीत त्याला घेंघा म्हणतात. पावसाने, बर्फाने आणि पुरांनी हजारो वर्षं इथल्या मातीतलं आयोडीन धुऊन समुद्राकडे नेलं. मातीत नाही म्हणून पिकात नाही, पिकात नाही म्हणून माणसाच्या रक्तात नाही. थायरॉइड ग्रंथीला आपला हार्मोन बनवायला आयोडीन लागतं. ते मिळालं नाही की ती बिचारी आहे तेवढ्यात भागवायला फुगत जाते. गळ्यावर दिसतो तो हा फुगवटा.

१९५६ साली डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच खोऱ्यात एक प्रयोग सुरू केला. सुमारे एक लाख वस्तीच्या भागाचे अ, ब आणि क असे तीन विभाग केले. अ आणि क विभागांत आयोडीन घातलेलं मीठ पुरवलं, ब मध्ये साधं. सुरुवातीला शाळकरी मुलांत दहांतल्या जवळजवळ चौघांना गलगंड होता. १९६२ पर्यंत अ आणि क मध्ये तो ठळकपणे उतरला, ब मध्ये होता तसाच राहिला. मग ब विभागालाही आयोडीनचं मीठ सुरू केलं आणि तिथेही तो उतरू लागला. या कामाचा अहवाल १९७३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत छापून आला, त्याच्या लेखकांत देव आणि करमरकर ही आपल्या ओळखीची आडनावंही दिसतात. कांगड्यातला अनुभव हाताशी असतानाच १९६२ मध्ये देशाचा गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला.

गलगंड दिसतो म्हणून त्याची चर्चा झाली. न दिसणारं नुकसान त्याहून मोठं होतं. गरोदर आईला आयोडीन पुरलं नाही तर पोटातल्या बाळाचा मेंदू नीट घडत नाही. काही मुलं मुकी-बहिरी, मतिमंद, खुजी जन्मतात, आणि बाकीची वरून धडधाकट दिसली तरी शाळेत मागे पडतात. याला नंतर ऑपरेशन नाही आणि औषधही नाही. मोठ्या माणसाला दिवसाला लागतं ते दीडशे मायक्रोग्रॅम, म्हणजे आयुष्यभराचा हिशोब केला तर चहाच्या एका चमच्याइतकं. एवढ्याशा गोष्टीसाठी पिढ्या गेल्या.

हे सगळं जुनं झालं असं वाटत असेल तर आपल्याच स्वयंपाकघरात डोकावून बघा. देशात खाण्यासाठी आयोडीन नसलेलं मीठ विकण्यावर बंदी आली, २००० मध्ये ती उठली आणि २००६ पासून पुन्हा लागू झाली. नियमाप्रमाणे ग्राहकाच्या हातात पडणाऱ्या मिठात दशलक्ष भागांत किमान १५ भाग आयोडीन हवं. आता मात्र शहरातल्या शिकलेल्या घरांत गुलाबी मीठ आणि सैंधव 'नैसर्गिक' म्हणून रोजच्या डब्यात आलंय. उपासाला सैंधव वापरा, त्याला माझी हरकत नाही. पण खाणीतल्या मिठात मुद्दाम घातल्याशिवाय पुरेसं आयोडीन नसतं. एकेकाळी या डोंगरांत मंडीच्या खाणीतलं मीठ खाल्लं जायचं, आणि गलगंडही इथेच होता. सून गरोदर असेल त्या घरात तरी रोजच्या भाजी-आमटीत आयोडीनचंच मीठ पडू द्या. ते बरणीत झाकून ठेवा, चुलीशेजारी उघडं नको.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण माजी सैनिक मला हमखास विचारतात, "साहेब, आम्ही आयोडीनचंच मीठ खातो, मग मंडळींना थायरॉइड कसं झालं?" आज शहरांत आणि मैदानी गावांत दिसणारं बरंचसं थायरॉइड आयोडीनच्या कमतरतेमुळे होत नाही. शरीराची संरक्षण यंत्रणाच स्वतःच्या ग्रंथीवर उलटते, फौजी भाषेत सांगायचं तर आपल्याच माणसांचा आपल्याच चौकीवर गोळीबार. त्यात ग्रंथी हळूहळू निकामी होते आणि माणूस थकतो, जाड होतो, थंडी वाजते, पोट साफ होत नाही. कधी उलट होतं. ग्रंथी बेफाम काम करते आणि वजन घटतं, छाती धडधडते, हात कापतात. तिसरा प्रकार गाठींचा. यांतल्या बहुसंख्य गाठी साध्या असतात, थोड्या कॅन्सरच्या निघतात. हे तिन्ही प्रकार बायकांत पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त आढळतात, पण पुरुषांना होत नाहीत असं नाही.

आता ऑपरेशनकडे येतो. एकोणिसाव्या शतकात गळ्यावरच्या या ऑपरेशनला भलेभले सर्जन घाबरायचे. ग्रंथी लहान, पण तिच्यात रक्त भरपूर. रुग्ण टेबलावरच जायचे, नाहीतर नंतर जखम सडून. स्वित्झर्लंडमधल्या बर्नचे थिओडोर कोखर यांनी शांतपणे, एकेक रक्तवाहिनी बांधत, स्वच्छता पाळत हे ऑपरेशन बसवलं. सुरुवातीला त्यांच्याकडे शंभरांतले बारा-तेरा रुग्ण दगावत, शेवटी ते प्रमाण शंभरात एकाच्याही खाली आलं. १९०९ चं नोबेल त्यांना मिळालं.

पण कोखर यांच्या चरित्रातला मला सगळ्यात मोलाचा वाटणारा भाग वेगळा आहे. ऑपरेशन यशस्वी झाल्यावर ते थांबले नाहीत. एका मुलीची पूर्ण ग्रंथी काढल्यावर ती मंद आणि सुजलेली झाल्याचं त्यांच्या कानावर आलं. तेव्हा त्यांनी जुन्या रुग्णांना परत बोलावलं. पूर्ण ग्रंथी काढलेले १८ जण तपासायला मिळाले, त्यांतल्या १६ जणांची तीच गत झाली होती. १८८३ मध्ये त्यांनी हे भर परिषदेत जाहीर केलं आणि साध्या गलगंडासाठी पूर्ण ग्रंथी काढणं बंद केलं. आपल्या भाषेत, मिशन फत्ते झाल्यावरही त्यांनी प्रामाणिक डीब्रीफ घेतला. त्यातून जगाला कळलं की ही ग्रंथी फुकटची नाही, तिच्याशिवाय माणूस विझत जातो.

उपाय १८९१ मध्ये इंग्लंडच्या जॉर्ज मरे यांनी दाखवला. ग्रंथी निकामी झालेल्या ४६ वर्षांच्या एका बाईला त्यांनी मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचला. ती सुधारली आणि पुढे २८ वर्षं जगली. तेवढ्या काळात तिच्यासाठी ८७० हून जास्त मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या. आज तेच काम मोहरीएवढी पांढरी गोळी करते. पुढे कुणी 'एक गोळी विसरलो तर काय बिघडतं' म्हणालं, तर त्या मेंढ्यांची आठवण काढा.

आमच्या एका जुन्या युनिटमध्ये एक ड्रिल उस्ताद होते, सातारकडचे हवालदार. खडकवासल्याच्या स्क्वेअरवर मी मोठमोठे आवाज ऐकलेत, पण या उस्तादांचा 'सावधान' ऐकून शेजारच्या युनिटची माणसंसुद्धा टाच जुळवायची. गळ्यावर आवळ्याएवढी गाठ आली होती. दोन वर्षं त्यांनी ती गळाबंद स्वेटरात आणि मफलरमध्ये झाकली. वार्षिक तपासणीत नर्सिंग असिस्टंटच्या नजरेला आली तेव्हा ते माझ्याकडे आले. चेहरा पडलेला.

"साहेब, डॉक्टर म्हणतात कापायला लागेल. आवाज गेला तर स्क्वेअरवर माझं काय काम?"

त्यांची भीती अगदीच खोटी नव्हती. स्वरयंत्राच्या नसा थायरॉइडला अगदी चिकटून मागून जातात, दोन्ही बाजूंना एकेक. एकीला धक्का लागला तर आवाज बसतो. बहुतेक वेळा तो काही आठवड्यांत किंवा महिन्यांत परत येतो, क्वचित कायमचा बदलतो. तांदळाच्या दाण्याएवढ्या चार पॅराथायरॉइड ग्रंथीही तिथेच असतात, त्या रक्तातलं कॅल्शियम सांभाळतात. पूर्ण ऑपरेशननंतर ओठांना किंवा बोटांना मुंग्या आल्या तर ते कॅल्शियम उतरल्याचं लक्षण, लगेच सांगायचं.

उस्तादांच्या गाठीची सुईने तपासणी झाली होती, पण निदान नक्की होत नव्हतं. म्हणून अर्धीच ग्रंथी काढायचं ठरलं. सर्जन मेजर साहेबांनी कागदावर चित्र काढून नस कुठे, चीर कुठे, सगळं समजावलं. मी शेजारी बसलो होतो. शेवटी उस्ताद म्हणाले, "साहेब, नकाशा कळला. आता भीती कमी झाली." ऑपरेशननंतर काही आठवडे आवाज घोगरा होता. गाठ साधी निघाली. काही काळ लो मेडिकल कॅटेगरी लागली, फेरतपासणीत परत मिळाली, आणि पुढच्या हिवाळ्यात स्क्वेअरवर तोच आवाज घुमला. ज्या कॅटेगरीच्या भीतीने दोन वर्षं गेली, ती काही महिन्यांची गोष्ट होती. ती गाठ कॅन्सरची असती तर मात्र ती दोन वर्षं महागात पडली असती.

म्हणून गाठ दिसली तर लपवू नका. आरशासमोर हनुवटी वर करून पाण्याचा घोट घ्या. कंठमण्याच्या खाली काही वर-खाली होताना दिसलं तर दाखवा. आवाज विनाकारण बसला आणि तीन-चार आठवड्यांत सुधारला नाही, गिळताना अडकतंय, गाठ भराभर वाढतेय, तर त्याच आठवड्यात दाखवा.

आणि ऑपरेशन सांगितलं तर चार प्रश्न विचारा. ते का करायचं? कॅन्सरचा संशय, श्वासनलिकेवर दाब, किंवा औषधाने न आटोपणारी बेफाम ग्रंथी, यांपैकी कारण कोणतं? अर्धी ग्रंथी काढणार की पूर्ण? नसेची आणि कॅल्शियमची काळजी कशी घेणार? आणि आपण वर्षाला अशी किती ऑपरेशनं करता? शेवटचा प्रश्न विचारायला संकोच वाटतो. वाटू देऊ नका. थायरॉइडमध्ये सर्जनच्या हाताच्या सरावाने निकालात फरक पडतो. चांगला सर्जन या प्रश्नाने रागावत नाही.

दुसरं टोकही सांगायला हवं, कारण हल्ली निवृत्तांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर 'फुल बॉडी चेकअप' पॅकेजांचा पाऊस पडतोय, त्यात गळ्याची सोनोग्राफी असते. काही तक्रार नाही, गाठ नाही, घरात कुणाला थायरॉइडचा कॅन्सर नाही, तर ती मुद्दाम करू नका. दक्षिण कोरियात सरसकट सोनोग्राफी सुरू झाली आणि २०११ पर्यंत थायरॉइड कॅन्सरचं निदान १९९३ च्या पंधरापट झालं. मृत्यूंचं प्रमाण मात्र बदललं नाही. जन्मभर त्रास न देणाऱ्या बारीक गाठी शोधून हजारो गळे कापले गेले. शत्रू नसलेल्या गावात घुसण्यासारखं ते झालं.

सगळ्यात जास्त नुकसान मात्र मी ऑपरेशननंतर झालेलं पाहिलंय. खटाव तालुक्यातल्या एका सेवानिवृत्त सुभेदार साहेबांचा दोन-तीन वर्षांपूर्वी फोन आला.

"साहेब, मंडळी दिवसभर झोपूनच असतात. बोललं तर उत्तर उशिरा येतं. चेहरा सुजलाय. लोक म्हणतात वय झालं, मनाला लावून घेतलंय."

मी विचारलं, "सुभेदार साहेब, वहिनींचं थायरॉइडचं ऑपरेशन झालं होतं ना? गोळी चालू आहे?"

थोडा वेळ ते गप्प. मग म्हणाले, "ऑपरेशन झालं म्हणजे रोग गेला ना साहेब. शेजारच्या म्हणाल्या, गोळीची सवय लागते. सोडली आठ महिन्यांपूर्वी."

ग्रंथी पूर्ण काढल्यावर ती गोळी औषध उरत नाही. ती गोळी हीच ग्रंथी असते. भाकरीची सवय लागते म्हणून कुणी भाकरी सोडत नाही. या हार्मोनची गंमत अशी, की तो शरीरात हळू उतरतो. एक दिवस गोळी चुकली तर काही कळत नाही, आठवडा चुकला तरी फारसं नाही. म्हणूनच माणूस फसतो. जे बिघडतं ते इतकं सावकाश बिघडतं की घरच्यांना वाटतं, स्वभावच बदलला. वहिनींना जुनी डिस्चार्ज स्लिप घेऊन डॉक्टरांकडे नेलं, रक्त तपासलं, गोळी परत सुरू झाली. तीन महिन्यांनी सुभेदार साहेबांचा पुन्हा फोन आला, या वेळी तक्रार वेगळी होती. मंडळी ज्वारीच्या भावावरून बाजारात व्यापाऱ्याशी भांडून आल्या होत्या. मला तेवढं पुरेसं होतं.

गोळीचे नियम फार नाहीत. सकाळी उठल्यावर रिकाम्या पोटी, साध्या पाण्यासोबत, चहाच्या अर्धा ते एक तास आधी. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या तिच्यापासून चार तास दूर. डोस किंवा कंपनी बदलली तर सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच तपासायचं, एरवी डॉक्टर सांगतील तसं, साधारण वर्षातून एकदा. गरोदरपणात गोळी थांबवायची नाही. उलट बहुतेकींना डोस वाढवावा लागतो, म्हणून दिवस राहिल्याचं कळताच डॉक्टरांना सांगायचं. बाळ जन्मलं की पहिल्या दिवसांत त्याच्या टाचेतल्या रक्ताची थायरॉइड तपासणी मागून घ्यायची. वेळेत गोळी मिळालेलं मूल शाळेत जाऊन तुमच्या-माझ्या मुलांसारखं शिकतं.

माझं एक म्हणणं आपल्याच वर्दीतल्या लोकांसाठी आहे. कंपनी कमांडर आणि सीओ साहेबांनी दरबारात एकदा स्पष्ट सांगावं, की गाठ दाखवली म्हणून कुणाची नाचक्की होणार नाही. मेडिकल बोर्डाचे नियम आपण बदलू शकत नाही, पण बातमी लपवण्याची सवय आपल्या युनिटमध्ये मोडू शकतो. संत्री चौकीवरची हालचाल लपवत नाही, मग गळ्यावरची का लपवावी? फॅमिली वेल्फेअर मीटिंगमध्ये पाककृतींच्या स्पर्धेबरोबर दहा मिनिटं मीठ आणि गोळी या विषयाला द्यावीत. आणि माजी सैनिक बंधूंनो, ईसीएचएस पॉलिक्लिनिकमध्ये स्वतःची औषधं घ्यायला जाल तेव्हा मंडळींचा टीएसएचचा जुना कागदही खिशात ठेवा आणि त्यावरची तारीख बघा. एक वर्ष उलटलं असेल तर त्यांनाही सोबत घेऊन जा.

आपण शौर्यपदकांच्या गोष्टी सांगतो, त्या सांगायलाच हव्यात. पण ज्यांनी नोकरी केली त्यांना ठाऊक आहे, की चौकी एका हल्ल्याने टिकत नाही. रोज रात्री कुणीतरी जागं राहतं म्हणून ती टिकते. थायरॉइडचंही तसंच आहे. मीठ आयोडीनचं ठेवा, गाठ दिसली तर दाखवा, घाईने कापू नका, आणि एकदा लागू झालेली गोळी सोडू नका.

जय हिंद.